पद्मिनीची रोजची तीन मिनिटं

रवि., ७ डिसेंबर

वर्षातली शेवटची शर्यत. वाळवंटातली. सुरू होते तेव्हा तिथे ऊन असतं, संपते तेव्हा दिवे. आपल्याकडे साडेसहा. कुकर लावून बसता येतं.

शनिवारी कोण कितवा आला ते मी बघत नाही. शब्बाथला टीव्ही नाही. त्यामुळे रविवारी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या की मला सगळं नवीन. हे म्हणायचे, "तुला दरवेळी अंतरपाट दूर झाल्यासारखं होतं. अंतरपाट आपल्यात नसतो, तरी."

ड्रायव्हरांची नावं लक्षात ठेवत नाही. हेल्मेटचे रंग ठेवते. पांढरा म्हणजे मास्तर, कारण तो चुकत नाही आणि हसत नाही. मास्तर टायर बदलायला आत आला. वीस माणसं वाकली. मी "एक, दोन" म्हणते तोवर चारही चाकं नवी आणि गाडी गेलीसुद्धा. इतकी वर्षं बघतेय, अजून अंगावर काटा येतो. ह्यांना गॅरेजात चार चाकांना पाऊण तास आणि दोन चहा लागायचे. "त्यांच्याकडे वीस माणसं आहेत. माझ्याकडे तू आहेस," म्हणायचे. मी चहा आणायचे.

शेजारची खुर्ची अजून तिथेच. वर मासिकं ठेवते, म्हणजे कुणी बसायला नको.

सकाळी सातला पद्मिनी चालू केली. तीन मिनिटं. पहिल्या फटक्यात लागली.


सोम., ८ डिसेंबर

थंडी. तरी लागली. चोक पूर्ण ओढायचा, पाय एकदा दाबून सोडायचा, मग किल्ली. मला गाडी चालवता येत नाही, पण चालू करता येते. शेडचा पत्रा थरथरतो. हातात घड्याळ धरून उभी राहते. तीन मिनिटं झाली की बंद, ताडपत्री, मग आत येऊन चहा.

हे गेल्यापासून चार वर्षांत शनिवार सोडून एक दिवस चुकले नाही. ताप होता तेव्हाही.

दानूचा फोन, इस्रायलमधून, अश्दोदहून. आता त्याची मराठी फोनवर जरा जपून चालते, पाहुण्यासारखी. "आई, पुण्याचे एक जण आहेत, साने म्हणून. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत पळतात. पद्मिनी बघायला येऊ दे का? आवडली तर घेतील. तू इकडे सहा महिने राहायला ये म्हणतो, तर म्हणतेस शेड कोण उघडणार."

येऊ दे म्हटलं. बघायला पैसे पडत नाहीत.


गुरु., ११ डिसेंबर

मासिकं उन्हात घातली. कसर लागते. सगळी इंग्रजी, रद्दीवाल्याकडून हे किलोवर आणायचे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं इंग्रजी ह्या मासिकांवर, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे 'कॅमशाफ्ट' आधी आला आणि 'कझिन' नंतर.

दुपारभर वाचलं. माझी मतं जशी आहेत तशी:

घोड्याच्या चिन्हाची लाल गाडी चित्रात सुंदर, पण खरी त्याहून. एकदाच पाहिली, एक्स्प्रेसवेला कोन गावाजवळ, कोंबड्यांच्या टेम्पोमागे अडकलेली. टेम्पो बाजूला झाला आणि तिने जो आवाज केला! छातीत इथे लागला. हे रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभे राहिले.

बैलाच्या चिन्हाच्या गाडीला कोपरे फार. दार वर उघडणाऱ्या गाडीवर माझा विश्वास नाही. दार माणसासाठी असतं, फोटोसाठी नाही.

विजेवरच्या शर्यतीच्या गाड्या. माझा कुकर जास्त बोलतो. पण सुटतात कशा! मत राखून ठेवलंय.

सगळ्यांत वर रॅली. त्यात दोन माणसं असतात. एक चालवतो, एक वही वाचतो. वाचणाऱ्याची मान खाली, त्याला रस्ता दिसत नाही. चालवणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. तरी ते वळणावर वेग सोडत नाहीत, कारण शेजारून आवाज आलाय. ह्यापुढे मला प्रार्थनामंदिरातलंसुद्धा कमी वाटतं. (हे लिहायला नको होतं. लिहिलं.)

आम्हीही केली होती. क्लबच्या रॅल्या, महाडपर्यंत. ह्याच पद्मिनीत. मी वाचायचे. लोक विचारायचे, वहिनी, तुम्ही नाही चालवत? मी नकाशा, हे चाक. दानू पोटात राहिला तेव्हा मी उतरले, आणि मी उतरले तसे हेही थांबले.


रवि., १४ डिसेंबर

साने आले. चाळिशीचे. नखांत काळं तेल, ते पाहून बरं वाटलं. गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "काकू, बॉनेट उघडू?"

इंजिनावर वाकले. ह्यांनी तीन वर्षं लावून सगळं सुटं करून पुन्हा बांधलेलं. प्रत्येक नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका, अर्धा नटावर, अर्धा लोखंडावर. नट हलला तर ठिपका तुटतो. साने एकेक ठिपका बोटाने न शिवता मोजत गेले. "एकही हललेला नाही. काय माणूस असेल!"

मग तेलाचं झाकण उघडलं. आत पांढरट, दुधाच्या कॉफीवरच्या सायीसारखं. मी म्हटलं, हो, ते येतं, मी दर आठवड्याला पुसते.

"किती वेळ चालू ठेवता?"

"तीन मिनिटं. रोज सातला. शनिवार सोडून."

"आणि फिरवता?"

"मला येत नाही."

साने ऑइलच्या पिंपावर बसले. "असं करायला कुणी सांगितलं, काकू?"

"कुणी नाही. इंजिन बांधून झाल्यावर हे रोज सातला चालू करायचे."

"ते चालू करून निघायचे, काकू."

हो. कोनपर्यंत जाऊन यायचे. नवं बांधलेलं इंजिन आधी हळूहळू रुळवायचं असतं. पाचशे किलोमीटर झाले की लांबचा पल्ला. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी छातीत दुखलं. मी त्यांचं अर्धंच उचललं.

सान्यांनी समजावलं, आवाज न चढवता. थंड इंजिन पेटलं की आत पाणी धरतं. गाडी पळून गरम झाली की ते उडून जातं. तीन मिनिटांत काही गरम होत नाही. पाणी तेलात राहतं. चोक ओढलेला, म्हणून जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. रोज थोडं थोडं. सायलेन्सर खालून चाळण झालाय, दाखवला.

"आणि नुसती उभी राहिली असती तर?"

"तर बरी राहिली असती," म्हणाले. मग म्हणाले, "सॉरी."

चहा न घेता जाऊ नका म्हटलं. घेतला.


सोम., १५ डिसेंबर

सातला जाग आली. उठले नाही.

काल हनुक्काचा, आमच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा लावला, आज दुसरा. कोकणात आम्हा यहुद्यांना शनवार तेली म्हणायचे, घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. हे हसायचे, "आपण अजून तेलीच, फक्त इंजिनचं." आठवड्यात तो एकच दिवस मी पद्मिनीचं वाईट केलं नाही.


बुध., १७ डिसेंबर

मासिकांत शोधलं. सापडलं. सहा वर्षांपूर्वीचा अंक, पान फाटकं, 'उभ्या गाडीची काळजी'. चौथी ओळ. अगदी हेच लिहिलंय, थोडा वेळ चालू करून बंद करू नका. समासात पेन्सिलीने कठीण शब्दाचा अर्थ: 'संघनन, वाफेचं पाणी होणं'. अक्षर माझं. खाली 'वाचलं' अशी माझीच खूण.

शब्द शिकले होते. आपल्या शेडमध्ये तो रोज सातला घडतोय, हे…


रवि., २१ डिसेंबर

साने पुन्हा आले, मीटर घेऊन. प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. पहिला आणि चौथा ठीक. मधले दोन कमी. बरेच कमी.

"पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असाव्यात. सुटतीलही. तेल बदलतो, सायलेन्सरला पत्रा मारतो. मग हिला गरम पळवायची. थांबत थांबत नाही, एका दमात सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, आणि तेवढंच परत."

"आणि नाही सुटल्या तर?"

"इंजिन उघडावं लागेल." पिवळ्या ठिपक्यांकडे बघत म्हणाले. म्हणजे सगळे तुटणार. बांधतील छान, मला खात्री आहे. पण मग ते सान्यांचं इंजिन होईल. ह्यांच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे नाही. गॅरेजात आता मोबाइलचं दुकान आहे.

सत्तर-पंच्याहत्तर. टप्पा बरोबर तेवढ्यावर. अलिबागच्या अलीकडे खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबींचा, आगीच्या रथातून जिवंत स्वर्गात गेलेल्या आमच्या संदेष्ट्यांचा. कातळावर त्यांच्या रथाच्या चाकांची आणि घोड्यांच्या टापांची खूण आहे असं आम्ही मानतो. ह्यांचा नवस होता, पाचशे किलोमीटर झाले की पहिला लांबचा पल्ला तिथे, आपण दोघं. बोलले होते, फेडायचा राहिला. १ फेब्रुवारीला तिथे उरूस, यंदा रविवारी लोक जमणार.

सान्यांना सांगितलं. लगेच म्हणाले, "मी चालवतो की! तुम्ही शेजारी बसा."

"मी पुष्कळ बसलेय," म्हटलं.

माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक. साने हसले नाहीत. "फेब्रुवारीअखेर मला गाडी लागेल, शर्यतीसाठी. तोवर थांबतो. टप्पा करून या, मग मोजू, मग काय ते ठरवा."


मंगळ., २३ डिसेंबर

शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर. पंधरापैकी पंधरा. शेजारचा मुलगा नापास. तिथला माणूस म्हणाला, "आजी, क्लास लावला होता?" मी म्हटलं, रद्दी.


शुक्र., २६ डिसेंबर

सुरेखा भेटली. गव्हाणची. सकाळ-संध्याकाळ शाळेची व्हॅन चालवते आणि दुपारी बायकांना गाडी शिकवते. तिच्या शिकवायच्या गाडीत तिच्याही पायाशी ब्रेक. बरं आहे.

पहिला धडा खांदा कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर. दहा मिनिटांत घामाने ब्लाउज भिजला. शर्यतीत ड्रायव्हरचं दोन-तीन किलो वजन उतरतं, मासिकात वाचून मला खोटं वाटायचं.

"काकी, ही होरी नाय, गारी हाय. स्टेरिंग काय वल्हवताव?"

"वळणाच्या नाकावर नजर ठेवायची असते. हळू आत, जोरात बाहेर," मी सांगितलं.

"जोरात बाहेर नंतर. पयली आत तर जावा."

गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्या वेळी मागे रिक्षावाला. सु. खिडकीतून डोकं काढून त्याला म्हणाली, "तुजी आय शिकली नाय अजून, तिला पन पाठव."


बुध., ७ जानेवारी

रोज दुपारी एक तास. सु. बोलते फार, पण हात शांत. नवरा बंदरावर क्रेन चालवतो. "तो वर चरतो, मी खाली चालवतं. भांडान व्हाया वेळच नाय."

डोक्यावरून आता विमानं जातात. सु. वर बघत नाही. तिच्या माहेरची भातखाचरं त्या विमानतळाखाली आहेत. "आमच्या उकिरड्यावर उतरतंय आता सगला मुंबयचा शेठ," एवढंच.

आज पहिल्यांदा तिसरा गिअर आवाज न होता पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनात.


रवि., ११ जानेवारी

पद्मिनी बाहेर काढली. सान्यांनी नवं तेल घातलंय, सायलेन्सर बांधलाय. मागेपुढे लाल 'एल'.

सु. शेजारी बसली आणि शोधायला लागली. "गिअर कुठं हाय?"

"इथे." स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी.

"आयला! गारीच्या कानान गिअर?" तिला टाकता येईना. दुसऱ्याऐवजी मागचा.

मी म्हटलं, तुझा हात काढ. हात ठेवला. पुढे ओढून खाली, पहिला. वर ढकलला, दुसरा. मी हा गिअर आयुष्यात टाकलेला नाही. पण ह्यांचा हात बघितलाय, किती वर्षं, वहीतून मान वर केली की तोच दिसायचा. मनगट कुठे वळतं, कुठे जरा थांबतं. हाताने सगळं लक्षात ठेवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

मोहल्ल्यातून महामार्गाच्या तोंडापर्यंत जाऊन परत. मागे निळा धूर. गल्लीतली पोरं खोकायचं नाटक करत मागे.

सु. उतरताना म्हणाली, "काकी, हिच्यान तुमी मास्तरीन. मी नुसता बसाला."


रवि., १८ जानेवारी

साने आले होते. फोनवर त्यांच्या शर्यतीचं चित्रण दाखवलं. दक्षिणेतलं मैदान, जुन्या गाड्या, सगळ्या दानूपेक्षा थोरल्या. पहिल्या वळणावर एक पद्मिनी आतल्या बाजूने शिरते, मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललेलं, मुठीएवढं अंतर, आणि ती तशीच तीन चाकांवर पूर्ण वळण काढते. मी सात वेळा बघितलं. आपली गाडी अशी करू शकते! तिच्यात मी पुणे-पनवेल केलंय, वांगी आणलीत.

ती ह्यांच्याकडे असूनही कधी तशी पळली नाही. सान्यांकडे पळेल. हे मनात आलं, ते लिहून ठेवते.


शुक्र., ३० जानेवारी

नवसाच्या मलिद्याचं सामान घेतलं. पोहे, नारळ, पाच फळं, गुलाब. आता आमच्या मोहल्ल्यात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे फोनाफोनी. टप्प्यावर मुंबई-ठाण्याहून येतील, तिथे प्रश्न नाही.

जुनी वही काढली, पनवेल ते अलिबाग. माझंच अक्षर. 'उ' म्हणजे उजवं, 'डा' म्हणजे डावं, आकडा जितका लहान तितकं वळण कडक. पेणच्या पुढचा रस्ता बदलला, तिथे काही जुळणार नाही. पण कर्नाळ्याची आणि कार्ले खिंडीची वळणं डोंगराने ठेवलीत तशीच आहेत.

दानू: "आई, ट्रकवर चढवून ने ना. नवस तर फिटेल."

"रथ ट्रकवर चढवून गेला नव्हता."

मग म्हणाला, "बाबा असते तर रागावले असते." मग, "नाही. नसते रागावले." फोन ठेवताना ब्रेक तपासले का विचारलं. तीनदा.

आता शब्बाथचा दिवा लावायची वेळ. उद्या काही नाही. रविवारी सातला.


रवि., १ फेब्रुवारी (संध्याकाळी)

सगळं लिहून ठेवते, विसरायच्या आत.

दारावरच्या मझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, हात लावला, बोटं ओठांना. सु. जीन्स घालून, डब्यात भाकरी आणि सुकट. वही तिच्या मांडीवर. सव्वासातला निघालो.

धूर. पळस्प्याला मागचा मोटारसायकलवाला बाजूला येऊन काहीतरी बोलला. सु. म्हणाली, "शिव्या देतोय, तुमी पुढं बघा."

काट्याकडे बघत होते, इंजिनच्या उष्णतेच्या. चार वर्षं तो डाव्या कोपऱ्यात पडलेला, मला वाटायचं बिघडलाय. कर्नाळ्याच्या चढाला तो उठला. खरंच, झोपलेलं माणूस कुशीवर वळावं तसा. मग मधे येऊन उभा राहिला.

सु. वाचायला लागली. "उ चार. डा तीन. काकी, डा दोन, आनि बाजूला माकड काढलाय."

"म्हणजे तिथे माकडं असतात. हळू."

वळलो तर कठड्यावर ओळीने बसलेली. "आयला, तीस वर्सं झाली, उठली नाय ही!"

मी रस्ता बघत होते आणि वळणापलीकडचं मला शेजारून ऐकू येत होतं. आधी ऐकू येत होतं, मग दिसत होतं. हे ह्यांना असं वाटत असणार. इतकी वर्षं मी वाचलं आणि दुसऱ्या बाजूला ते कसं पोचतं ते मला आज कळलं. डोळ्यांत पाणी आलं तर सु. ओरडली, "रराचा नाय, डा तीन हाय!"

पेणच्या पुढे मोकळा रस्ता. साठ. सत्तर. स्टिअरिंग हातात जड व्हायचं ते उलट हलकं झालं, आणि सगळी गाडी एका सुरात. तीनशेच्या वेगाने जाणारे लोक मी टीव्हीसमोर बसून बघते आणि म्हणते, हा उशिरा वळला, तो घाबरला. सत्तरला समजलं की मला काही समजत नव्हतं. झाडं अंगावर येतात. रस्ता गाडीखालून ओढून घेतल्यासारखा जातो. ह्याच्या चौपट वेगाने जाऊन माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं, आणि तो वळतो, आणि दुसऱ्यासाठी जागाही सोडतो! मास्तर हसत नाही म्हणून मी त्याला नाव ठेवलं. माफी.

कार्ले खिंडीत तिसरा टाकला, दुसरा टाकला. एकदा एका बाजूची दोन्ही चाकं पांढऱ्या पट्ट्यावर. सु.ने दार घट्ट धरलं. चढ संपल्यावर मागे बघून म्हणाली, "धूर कमी झालाय काय?"

मी आरशात बघितलं नाही. बघवलं नाही.

टप्प्यावर बरीच मंडळी. एका ठाण्याच्या गृहस्थांनी विचारलं, "गाडी सुंदर ठेवलीय. ड्रायव्हर कुठेय?"

सु. म्हणाली, "या काय! मी नकासा."

कातळापाशी मेणबत्त्या. मी पूर्वी अनेकदा आलेय, लहानपणापासून, नमस्कार करून मलिद्याच्या रांगेत. आज बसून बघितलं, शर्यतीच्या रस्त्याकडे बघतात तसं. चाकाची खूण खोल आहे पण फरफटलेली नाही. ब्रेक दाबून थांबलेलं चाक घासत जातं, दगडाला पसरट जखम करतं. ही तशी नाही. म्हणजे इथे ते थांबायला आले नव्हते. इथून सुटले. आग, घोडे, आणि सगळा भार एका क्षणी ह्या दगडावर, आणि मग भारच नाही. माझा हात त्या खुणेत पूर्ण मावला. गार होता दगड. मी कितीतरी वेळ तो काढला नाही, मागे लोक थांबले होते.

मलिद्याची प्रार्थना कुणाच्या नावाने, विचारलं. ह्यांचं सांगितलं. दहाच्या वर पुरुष होते. सु.ने दोनदा मलिदा घेतला आणि पदार्थात गूळ का नाही म्हणून वाद घातला.

परत येताना ऐंशीला गेले. एकदाच. सु.ला कळलं नाही असं मी समजते.

पावणेचारला शेडमध्ये. किल्ली फिरवली, बंद. सु. म्हणाली, "मी चालली, काकी, पोरा वाट बगत असतील." गेली. मला उठवेना. तशीच बसले.

आणि आवाज यायला लागला. बॉनेटखालून. टिक. मग थांबून, टिक, टिक. घराचे पत्रे ऊन उतरल्यावर वाजतात तसा, पण बारीक. पाण्याचा नाही, काही गळत नव्हतं. गरम झालेलं लोखंड निवताना करतं तो.

कोनहून आल्यावर हे लगेच उतरायचे नाहीत. पाच मिनिटं आत बसून राहायचे. मी दारातून ओरडायचे, "भाजी निवतेय." हे म्हणायचे, "थांब, ती बोलतेय." काय बोलते ते मी कधी जाऊन ऐकलं नाही. आणि नंतरच्या चार वर्षांत, रोज सातला जाऊनही, ती एकदाही बोलली नाही. मी तिला तेवढी गरम होऊच दिली नव्हती.

टिक टिक लांबत गेली. शेवटची झाली असं वाटलं की अजून एक. मी पूर्ण संपेपर्यंत बसले.


सोम., २ फेब्रुवारी

पाय, मान, मनगट, सगळं दुखतंय. छान दुखतंय.

सान्यांचा फोन. रविवारी मीटर घेऊन येतो म्हणाले. मधल्या दोन सिलिंडरांचा दाब वर आला असेल तर इंजिन न उघडता तशीच शर्यतीला नेतील. नाहीतर उघडावं लागेल. "आणि काकू, तुम्ही काय ठरवलंत?" म्हटलं, आधी मोजा. धुराचं विचारलं. सु. म्हणते येताना अजिबात नव्हता. मी म्हणते, थोडा होता.

दानूने फोटो मागितले. पाठवले. त्याने एक पुन्हा पाठवला, मोठा करून. स्टिअरिंगवरचा माझा हात.

सातला शेड उघडली होती. ताडपत्री काढून बॉनेटवर हात ठेवला. गार. किल्ली खिशात होती, लावली नाही. बॉनेट उघडून ठिपके बघितले. सगळे जागेवर.

मग सु.ला फोन केला, गुरुवारी दुपारी मोकळी आहेस का.

"कुठं जावाचा काकी?"

ठरलं नाही म्हटलं. पण लांब. वही कोरीच घेऊन ये म्हटलं, नव्या रस्त्याची आमच्याकडे नाही.